कृष्णविवराभोवतीची तबकडी एक्स-रेंनी कशी तापते: कॅल्क्युलेटर घेऊन स्वतः काढायचा हिशोब

निफाडला माझ्या मामांची द्राक्षबाग आहे. जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा ५-६ अंशांवर उतरला की बागेत शेकोट्या पेटतात, धुरासाठी पण आणि उबेसाठी पण. मामा पहाटे तीनला बॅटरी घेऊन फिरतात तेव्हा तीनच गोष्टी बघतात: शेकोटी केवढी आहे, वेल तिच्यापासून किती लांब आहे, आणि मधे काही आड येतंय का. मला हा विषय त्या बागेतच नीट कळला, कारण कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या गॅसच्या तबकडीचा बाहेरचा भाग किती तापेल हे मुख्यतः याच तीन गोष्टींवर ठरतं.

बहुतेक मराठी लेखांत एवढंच लिहिलेलं असतं की कृष्णविवराभोवती गॅस फिरतो, घर्षणाने तापतो आणि एक्स-रे सोडतो. आतल्या भागासाठी हे बरोबर आहे. पण तबकडीचा बहुतांश पसारा बाहेर असतो आणि तिथे घर्षण फार कमी पडतं. बाहेरचा भाग तापतो तो आतून येणाऱ्या एक्स-रेंमुळे, आणि हे तापणं इतकं महत्त्वाचं आहे की अख्खा भडका (तबकडी अचानक उजळते आणि मग विझत जाते तो काळ) किती महिने चालणार ते त्याच्यावर ठरतं. हे नुसतं वाचून पटत नाही, आकडे टाकून बघितले की पटतं, म्हणून इथे पायरी पायरीने आकडेच टाकू. बारावीचं फिजिक्स, एक सायंटिफिक कॅल्क्युलेटर (मोबाईलवरचा आडवा करून चालतो), वही आणि एक मोकळी संध्याकाळ एवढं पुरे.

पायरी १: आधी चित्र डोळ्यासमोर आणा

दोन जण एकमेकांभोवती फिरतायत. एक कृष्णविवर, सूर्याच्या ५ ते १५ पट वजनाचं धरा, आणि दुसरा एक साधा तारा, बऱ्याचदा सूर्यापेक्षाही हलका. दोघं इतके जवळ असतात की ताऱ्याचा बाहेरचा गॅस कृष्णविवराकडे ओढला जातो. तो सरळ आत पडत नाही कारण त्याला फिरण्याचा वेग असतो, मग तो गोल गोल फिरत पसरट तबकडी बनवतो आणि हळूहळू आत सरकतो. हीच अॅक्रिशन डिस्क, मी पुढे तबकडीच म्हणणार आहे.

सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण ए०६२०-०० नावाचं आहे, शृंगाश्व तारकासमूहात, मृग नक्षत्राच्या पूर्वेला. ऑगस्ट १९७५ मध्ये एरियल ५ या उपग्रहाला ते अचानक दिसलं आणि काही दिवसांत सूर्य सोडला तर आकाशातला सगळ्यात तेजस्वी एक्स-रे स्रोत होऊन बसलं. साध्या प्रकाशात तो तारा साधारण १८ प्रतीवरून ११ प्रतीपर्यंत आला (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा लहान तितका तारा तेजस्वी). ७ प्रतींचा फरक म्हणजे जवळपास ६०० पट उजेड. जुन्या फोटो प्लेटा काढून बघितल्यावर कळलं की हाच तारा १९१७ मध्ये पण असाच भडकला होता. दोघांची एक फेरी पावणेआठ तासांची, म्हणजे नाशिकहून रातराणी बसने निघून नागपूरही आलं नसेल तेवढ्यात एक अख्खा तारा कृष्णविवराला प्रदक्षिणा घालून येतो.

आता प्रश्न असा की एक्स-रे आतून येतात हे ठीक, पण साधा दिसणारा प्रकाश ६०० पट का वाढला. उत्तर बाहेरच्या तबकडीत आहे.

पायरी २: हिशोबासाठी जोडी निवडा

पहिल्यांदा करणारे बरेच जण सिग्नस एक्स-१ घेतात कारण नाव ऐकलेलं असतं. ते घेऊ नका. त्यातला जोडीदार तारा प्रचंड मोठा आणि निळा आहे, दिसणारा जवळपास सगळा प्रकाश त्याचाच, त्यात तबकडीचा उजेड वेगळा काढणं अवघड जातं. हलका जोडीदार असलेली जोडी घ्या, ए०६२०-०० सारखी, नाहीतर हंस तारकासमूहातली व्ही४०४ सिग्नी, नाहीतर भुजंगधारीतली मॅक्सी जे१८२०+०७०. ही शेवटची मला सगळ्यात आवडते. मार्च २०१८ मध्ये ती आधी साध्या प्रकाशात सापडली आणि काही दिवसांनी जपानच्या मॅक्सी या उपकरणाला एक्स-रेमध्ये दिसली. तिची फेरी साधारण साडेसोळा तासांची आणि अंतर सुमारे ३ किलोपार्सेक, म्हणजे १० हजार प्रकाशवर्षांच्या आसपास.

मी खाली जे आकडे घेतलेत ते हिशोब सोपा जावा म्हणून गोल केलेत: कृष्णविवर १० सूर्यांचं, जोडीदार अर्ध्या सूर्याचा, फेरी १६.५ तास, अंतर ३ किलोपार्सेक. ही मॅक्सी जे१८२० च्या जवळपास जाणारी पण काल्पनिक जोडी समजा. एकदा जमलं की खऱ्या जोडीचे आकडे टाकून परत करा.

पायरी ३: शेकोटी केवढी आहे

एक्स-रेंची मोजणी बऱ्याच ठिकाणी क्रॅब या युनिटमध्ये देतात. वृषभेतल्या क्रॅब नेब्युलाचा उजेड बऱ्यापैकी स्थिर आहे म्हणून तोच माप ठरला, जसं आपण पायलीने धान्य मोजायचो. २ ते १० किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पट्ट्यात १ क्रॅब म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे २.४ गुणिले १० चा उणे ११ वा घात वॅट.

समजा आपली जोडी १ क्रॅब दिसतीय. ३ किलोपार्सेक म्हणजे ९.२६ गुणिले १० चा १९ वा घात मीटर. त्याचा वर्ग करा, ४ पायने गुणा, वरच्या आकड्याने गुणा. उत्तर येतं सुमारे २.६ गुणिले १० चा ३० वा घात वॅट. पण हा फक्त एका पट्ट्यातला उजेड झाला, त्याच्या खाली आणि वरही बराच असतो, म्हणून काहीतरी पट धरावी लागते. मी इथे ४ धरतो, म्हणजे एकूण १० चा ३१ वा घात वॅट. तबकडी कुठल्या अवस्थेत आहे त्यावर ही पट बदलते, त्यामुळे ती वहीत वेगळी लिहून ठेवा म्हणजे नंतर बदलता येते.

सूर्य ३.८ गुणिले १० चा २६ वा घात वॅट देतो. म्हणजे आपली शेकोटी २६ हजार सूर्यांची आहे, आणि तो उजेड निघतोय जेमतेम काहीशे किलोमीटरच्या भागातून, म्हणजे नाशिक-मुंबई अंतराच्या आसपासच्या जागेतून!

यावरून दर सेकंदाला किती गॅस आत पडतोय तेही काढून घ्या, पुढे लागणार आहे. पडणाऱ्या वस्तुमानाच्या साधारण १० टक्के ऊर्जा उजेडात जाते असं धरतात. १० चा ३१ वा घात भागिले ०.१ गुणिले प्रकाशवेगाचा वर्ग, उत्तर सेकंदाला १.१ गुणिले १० चा १५ वा घात किलो. या वेगाने दोन-सव्वादोन वर्षांत आपल्या चंद्राएवढं सामान आत जाईल.

पायरी ४: तबकडी केवढी आहे

केप्लरचा तिसरा नियम. दोघांमधल्या अंतराचा घन बरोबर ग्रॅव्हिटीचा स्थिरांक गुणिले दोघांचं एकूण वजन गुणिले फेरीच्या काळाचा वर्ग, भागिले ४ पाय वर्ग. सूर्यासाठी स्थिरांक गुणिले वजन हा आकडा थेट १.३२७ गुणिले १० चा २० वा घात असा पाठ करून टाका, खूप वेळ वाचतो. आपल्या जोडीसाठी त्याला १०.५ ने गुणा. काळ सेकंदात घ्या, १६.५ तास म्हणजे ५९,४०० सेकंद. अंतर येतं ५ गुणिले १० चा ९ वा घात मीटर, म्हणजे ५० लाख किलोमीटर. हलका जोडीदार असला की तबकडी साधारण याच्या निम्म्यापर्यंत पसरते, म्हणजे तिची त्रिज्या २५ लाख किलोमीटर धरू.

इथे माझी एकदा मोठी चूक झाली होती, अर्धा हिशोब सेंटीमीटरमध्ये आणि अर्धा मीटरमध्ये, कारण खगोलशास्त्राच्या बऱ्याच पुस्तकांत सेंटीमीटर-ग्रॅम-अर्ग चालतं. तबकडी बाहेर टोकाशी लाखभर अंश तापलेली आली आणि मी दोन दिवस कारण शोधत बसलो. एकच पद्धत धरा आणि वहीच्या वर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: मीटर, किलो, वॅट.

पायरी ५: नुसत्या घर्षणाने किती तापेल

१९७३ मध्ये शाकुरा आणि सुन्याएव या खगोलशास्त्रज्ञांनी पातळ तबकडीचं जे गणित मांडलं ते आजही सगळीकडे वापरतात. त्याचा आपल्याला लागणारा भाग एवढाच: तापमानाचा चौथा घात बरोबर ३ गुणिले ग्रॅव्हिटीचा स्थिरांक गुणिले कृष्णविवराचं वजन गुणिले दर सेकंदाला पडणारा गॅस, भागिले ८ पाय सिग्मा गुणिले अंतराचा घन. सिग्मा म्हणजे स्टीफन-बोल्ट्झमन स्थिरांक, ५.६७ गुणिले १० चा उणे ८ वा घात. (अगदी आतल्या कडेजवळ अजून एक दुरुस्ती असते, बाहेरच्या भागाला ती लागत नाही.)

१० लाख किलोमीटरवर, म्हणजे १० चा ९ वा घात मीटरवर आकडे टाका. चौथा घात येतो ३.१ गुणिले १० चा १५ वा घात. दोनदा वर्गमूळ दाबा, तापमान सुमारे ७,५०० केल्विन.

आता एक सोपी युक्ती. अंतर १० हजार पट कमी केलं तर तापमान बरोबर १,००० पट वाढतं, कारण तापमान अंतराच्या पाऊण घाताने उतरतं. म्हणजे १०० किलोमीटरवर ७५ लाख केल्विन, एक्स-रे इथून निघतात हे लगेच पटतं. आणि उलट दिशेला, २५ लाख किलोमीटरच्या कडेला? ३,७५० केल्विन. सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही बरंच थंड, लालसर. नुसतं घर्षण असतं तर तबकडीची कड अशी असती.

पायरी ६: आता एक्स-रेंची ऊब मोजा

हा भाग सावकाश वाचा, सगळा जीव यात आहे.

मधून निघालेला उजेड चहूकडे पसरतो आणि अंतराच्या वर्गाने विरळ होतो. घर्षणाची ऊब मात्र अंतराच्या घनाने कमी होते. वर्ग आणि घन, एवढा एकच फरक आहे पण तोच पुरेसा आहे, कारण लांब गेलं की घन नेहमी आधी हरतो. जवळ कितीही जोरात घर्षण असलं तरी कुठेतरी असं अंतर येणारच जिथून पुढे शेकोटीचीच ऊब जास्त.

पण सगळा उजेड तबकडीला लागत नाही. तबकडी अगदी सपाट असती, जेवणाच्या ताटासारखी, तर मधला उजेड तिच्या पृष्ठभागाला चाटून निघून गेला असता. ती परातीसारखी असते, बाहेर जाताना जाडी वाढत जाते. म्हणून बाहेरचा भाग थोडा उठून मध्याकडे तोंड करतो आणि थोडे एक्स-रे पकडतो. सकाळी पांडवलेणीच्या डोंगरावर उन्हं येतात तेव्हा सपाट रानापेक्षा उगवतीकडे तोंड केलेला उतार आधी तापतो, तसंच आहे हे.

किती पकडतो ते एका आकड्यात बसवतात, त्याला आपण पकड म्हणू. ती तीन गोष्टींचा गुणाकार आहे. पहिली, पडलेल्या एक्स-रेंपैकी किती शोषले जातात, कारण बरेच परत फेकले जातात. दुसरी, तबकडीची उंची भागिले अंतर, साधारण ०.१. तिसरी, परातीचा काठ किती वेगाने उठतोय, पातळ तापलेल्या तबकडीसाठी हे सुमारे २ सप्तमांश येतं. शोषण २० टक्के धरलं तर ०.२ गुणिले ०.१ गुणिले ०.२८६, म्हणजे ०.००५७. संशोधनात बऱ्याचदा ०.००५ हाच आकडा वापरतात, आपणही तोच घेऊ. म्हणजे हजारातले पाच भाग. वाचताना क्षुल्लक वाटतं.

आता सूत्र: तापमानाचा चौथा घात बरोबर पकड गुणिले एक्स-रेंचा एकूण उजेड, भागिले ४ पाय सिग्मा गुणिले अंतराचा वर्ग. १० लाख किलोमीटरवर टाका: चौथा घात ७ गुणिले १० चा १६ वा घात, तापमान सुमारे १६,३०० केल्विन.

घर्षणाने ७,५०० आणि एक्स-रेंनी १६,३००. तापमान दुप्पट दिसतं पण ऊर्जा चौथ्या घाताने जाते, म्हणून चौथे घात भागून बघा, २२ पट! तिथून निघणाऱ्या उजेडाचे तेवीसातले बावीस भाग मधून उसने आलेले आहेत. आणि एकूण तापमान काढताना दोन्ही तापमानं सरळ मिळवायची नाहीत, चौथे घात मिळवायचे आणि मग मूळ काढायचं. उत्तर १६,४०० च्या आसपास, म्हणजे घर्षण असलं काय नि नसलं काय.

दोन्ही सारखे कुठे होतात तेही काढा. गुणोत्तर अंतराच्या प्रमाणात वाढतं, म्हणून १० लाखाला २२.६ ने भागा, ४४ हजार किलोमीटर. २५ लाखांच्या तबकडीत आतले फक्त ४४ हजार किलोमीटर घर्षणाचे, बाकी सगळं राज्य शेकोटीचं. कडेला, २५ लाख किलोमीटरवर, एक्स-रे १०,३०० केल्विन देतात जिथे घर्षण ३,७५० देत होतं. हा आकडा जपून ठेवा, पुढच्या पायरीत लागतो.

इथे एक अडचण प्रामाणिकपणे सांगायला हवी. तबकडीची उभी रचना बारकाईने सोडवली तर असं निघतं की आतला भागच फुगून बाहेरच्या भागावर सावली धरतो, मामांच्या बागेत पहिल्या ओळीने मागच्या ओळीची ऊब अडवावी तसं. गणित म्हणतं बाहेर सावली, आणि दुर्बिणी म्हणतात बाहेर स्वच्छ तापलेलं आहे. मग एक्स-रे पोचतात कसे? एक मार्ग म्हणजे उजेडाचा स्रोत तबकडीत नसून तिच्या वर, तापलेल्या विरळ गॅसच्या ढगात आहे ज्याला कोरोना म्हणतात. खांबावरचा दिवा जमिनीवरच्या पणतीपेक्षा लांबवर उजेड टाकतो. दुसरा मार्ग म्हणजे तबकडीच जरा वाकडी, मुरडलेली असणं. तिसरा मला सगळ्यात सुंदर वाटतो: एक्स-रे बाहेरच्या वरच्या थराला इतकं तापवतात की तिथून गॅसचा वारा सुटतो, आणि तो वारा वर जाऊन मधला उजेड विखरून परत खाली तबकडीवर टाकतो. आपल्या १० सूर्यांच्या कृष्णविवरासाठी असा वारा साधारण १० लाख किलोमीटरपासून पुढे सुटू शकतो, म्हणजे आपल्या तबकडीत कडेपर्यंतचं निम्मं अंतर जायच्या आधीच. धुराचा थर बागेवर पसरला की ऊब खाली टिकते असं मामा म्हणतात, कारण वेगळं आहे पण मला दर वेळी तेच आठवतं. म्हणून पकड हा आकडा पक्का मानू नका. ०.००१ टाकून बघा, ०.०२ टाकून बघा, उत्तर किती हलतं ते लिहा. चौथ्या मुळामुळे तापमान फारसं हलत नाही हे स्वतः बघितलेलं बरं.

पायरी ७: १० हजार केल्विन ही सीमा का

हायड्रोजन साधारण १० हजार केल्विनच्या आसपास पूर्ण आयनित होतो, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे होतात. सुटे इलेक्ट्रॉन असलेला गॅस उष्णता अडवून धरतो आणि तबकडीतला चिकटपणा वाढतो, गॅस भराभर आत सरकतो. हायड्रोजन शांत, थंड असला की गॅस नुसता साठत बसतो. म्हणून तबकडीला दोनच अवस्था आवडतात, थंड साठवणारी आणि गरम वाहणारी. वर्षानुवर्षं साठतं, मग कुठेतरी सीमा ओलांडते आणि भडका उडतो.

असाच प्रकार पांढऱ्या खुज्या ताऱ्यांभोवतीच्या (श्वेत बटू, म्हणजे सूर्यासारखे तारे संपल्यावर उरणारे लहान, दाट गोळे) तबकड्यांतही होतो, पण तिथे भडका काही दिवसांत विझतो. कारण कड थोडी थंड झाली की थंडपणाची लाट आत सरकते आणि सगळं बंद. कृष्णविवराच्या जोडीत मात्र एक्स-रे ती कड थंडच होऊ देत नाहीत. आपला आकडा आठवा: घर्षणाने ३,७५०, म्हणजे कधीच थंड होऊन बसली असती, आणि एक्स-रेंनी १०,३००, म्हणजे सीमेच्या जेमतेम वर. अख्खी तबकडी गरम धरून ठेवलेली. मग आत पडणारा गॅस उरलेल्या गॅसच्या प्रमाणात पडतो आणि उजेड घातांकी पद्धतीने, दर महिन्याला शिल्लक रकमेचा ठराविक हिस्सा काढावा तसा, संथ उतरतो. किंग आणि रिटर या खगोलशास्त्रज्ञांनी हे १९९८ मध्ये मांडलं. ए०६२०-०० चा भडका महिनोन्महिने चालला तो यामुळे.

आता वहीत हे करा: उजेड १० पट कमी करा. तापमान उजेडाच्या चौथ्या मुळाने जातं, १० चं चौथं मूळ १.७८. म्हणजे १० लाख किलोमीटरवर १६,३०० चे ९,१५० केल्विन झाले, सीमेच्या खाली! १० हजारांची सीमा आधी २६ लाख किलोमीटरवर होती, तबकडीच्या बाहेर, ती आता सव्वाआठ-साडेआठ लाखांवर आली. तिच्या बाहेरचा सगळा भाग थंड होऊन थांबला, आतला तेवढा वाहतोय. इथून पुढे भडका झपाट्याने उतरतो आणि उजेडाच्या आलेखात एक कोपरा दिसतो, म्हणजे संथ उतार अचानक तीव्र होतो ती जागा. तो कोपरा कधी येतो यावरून उलट हिशोब करून पकड किती होती ते काढता येतं, म्हणजे कोणी न बघितलेल्या परातीच्या काठाची माहिती तुम्हाला एका आलेखावरून मिळते. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी गच्चीवर जाऊन नुसता उभा राहिलो होतो.

पायरी ८: आकाशात पुरावा कुठे बघायचा

पहिला पुरावा रंगाचा. वीनचा नियम लावा (उजेडाच्या शिखराची तरंगलांबी मीटरमध्ये बरोबर ०.००२९ भागिले तापमान): १६,३०० केल्विनचं शिखर १७८ नॅनोमीटरवर येतं, म्हणजे अतिनील. जमिनीवरून ते दिसत नाही, वातावरण अडवतं, म्हणून अतिनील दुर्बिणी लागतात. आपला अॅस्ट्रोसॅट, २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेला, याच कामाचा आहे, कारण त्याच्यावर अतिनील दुर्बीण आणि एक्स-रेची उपकरणं एकत्र आहेत. शेकोटी आणि वेल एकाच वेळी बघता येतात. पुण्याच्या आयुका आणि मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थांचा त्यात मोठा हात आहे, म्हणजे नाशिकहून दोन्हीकडे सकाळी निघून दुपारी पोचता येईल एवढ्यावर यातलं बरंच काम झालंय. पण रंग बघताना मधल्या धुळीचा परिणाम काढून टाका. धूळ निळा उजेड खाते आणि तबकडी आहे त्याहून थंड भासते.

दुसरा पुरावा रेषांचा. आतून तापणाऱ्या वस्तूचा वरचा थर सगळ्यात थंड असतो, म्हणून वर्णपटात काळ्या रेषा येतात, सूर्यासारख्या. वरून तापवलेल्या तबकडीचा वरचाच थर जास्त गरम, म्हणून रेषा उजळ होतात. हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची आणि आयनित हेलियमची ४६८.६ ची. हेलियमची ही रेषा ठळक दिसली की समजा तिथे अतिनील आणि एक्स-रेंचा मारा चालू आहे. परत फेकलेल्या एक्स-रेंची खूण वेगळी, लोखंडाची ६.४ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टची रेषा आणि २०-३० च्या आसपास एक उंचवटा.

तिसरा पुरावा प्रतिध्वनीचा, आणि हा सगळ्यात पक्का. मधे एक्स-रे लखलखले की तो उजेड तबकडीच्या कडेपर्यंत जायला वेळ लागतो, २५ लाख किलोमीटर भागिले ३ लाख, ८ सेकंदांहून थोडं जास्त. म्हणून साधा उजेड काही सेकंद उशिरा लखलखायला हवा. १९९० च्या दशकात जीआरओ जे१६५५-४० या जोडीत हबल दुर्बीण आणि आरएक्सटीई हा एक्स-रे उपग्रह एकाच वेळी रोखून १०-२० सेकंदांचा उशीर खरंच मोजला गेला. सावध एकाच बाबतीत राहा: काही जोड्यांत ०.१ सेकंदाचाही उशीर दिसतो, तो तबकडीचा नाही, कृष्णविवराजवळून उडणाऱ्या जेटचा, म्हणजे गॅसच्या वेगवान झोताचा आहे. सेकंदांचा उशीर असेल तरच तबकडी.

पायरी ९: पुढचं शिकायचं असेल तर

आरएक्सटीई, स्विफ्ट, मॅक्सी या एक्स-रे उपकरणांचा डेटा फुकट आहे. त्या डेटावर मॉडेल बसवून बघायचं (यालाच फिट म्हणतात) नासाचं एक्सस्पेक हे सॉफ्टवेअरही फुकट, लिनक्सवर चढवायला एक रविवार ठेवा. त्यात डिस्कआयआर नावाचं मॉडेल आहे ज्यात वर केलेला सगळा हिशोब बसवलेला आहे. त्यातला एफआउट हा पॅरामीटर म्हणजे बाहेरच्या तबकडीत जाऊन मुरलेला उजेडाचा हिस्सा, आपल्या पकडीचा भाऊच. बाहेरची त्रिज्या त्याला लॉगमध्ये द्यायची असते आणि तीही आतल्या त्रिज्येच्या पटीत, किलोमीटर टाकले तर मूर्खासारखी उत्तरं येतात. अतिनील आणि साध्या प्रकाशाचा डेटा न देता नुसत्या एक्स-रेवर हा पॅरामीटर फिट करू नका, तो कुठेही जाऊन बसतो. मी तरी आधी हाताने केलेला आकडा सुरुवातीची किंमत म्हणून टाकतो आणि मग फिट चालवतो.

आणि डोळ्यांनी बघायचं असेल तर भडका आल्यावर हे तारे ११-१२ प्रतीपर्यंत येतात, ६ ते ८ इंची दुर्बिणीला अंधाऱ्या जागेवरून मिळतात. नाशिक शहरात कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या उजेडात नाही, अंजनेरीच्या पलीकडे नाहीतर पेठच्या बाजूला जावं लागतं. नशिबाचाही भाग असतो. व्ही४०४ सिग्नी २६ वर्षांनी भडकली ती नेमकी जून २०१५ च्या मध्यात, इकडे सिंहस्थाची कामं चालू आणि वर ढग. मार्च २०१८ ची मात्र स्वच्छ आकाशात आली, मध्यरात्रीनंतर भुजंगधारी वर यायचा. दिसतो एक बारीक ठिपका, शेजारच्या ताऱ्यांसारखाच. पण वहीतला हिशोब सोबत असला तर माहिती असतं की त्या ठिपक्याचा बहुतेक उजेड आधी एक्स-रे होता, तबकडीच्या काठावर पडला, मुरला, आणि निळसर होऊन निघाला, १० हजार वर्षांपूर्वी.

आता करायचं एवढंच: मॅक्सीच्या पानावर जोड्यांचे रोजचे आलेख असतात, दोन-तीन निवडून आठवड्याला एकदा बघत जा आणि त्यातला उजेड क्रॅबमध्ये काढून तारखेसकट वहीत लिहा. वाढायला लागला की पायरी ३ पासून परत सुरू करा, कडेचं तापमान काढा, आणि उतरताना १० हजार केल्विन कुठल्या आठवड्यात ओलांडलं जाईल ते पेन्सिलने आधीच लिहून ठेवा. मग त्या आठवड्यात आलेखात कोपरा येतो का ते बघा.